पार्सलबाबूचं पथ्य

२ डिसें. १९३५, सोम.
पुलाच्या मधल्या टप्प्यावर आज पुन्हा छातीत आवळून आलं. कठड्याला धरून उभा राहिलो आणि सिग्नल बघतोय असं दाखवलं. लाडलेसाब डोक्यावर पेटी घेऊन मागून येत होता. आमच्या पार्सल ऑफिसातला सगळ्यात जुना हमाल, मणाचं ओझं असलं तरी त्याला धाप म्हणून नाही. म्हणाला, "बाबूसाब, हर दिन इधरिच रुकके क्या देखते?" म्हटलं, गाडी. "गाडी तो कब की गई."
सौ.ला बोललो नाही. बोललो की ओवा चावायला लावते. रात्री भरीत, तीन भाकरी, वर लोण्याचा गोळा. छान झोप लागली.

४ डिसें., बुध.
लाडलेसाबनं चुगली केली. काल घरी येऊन सौ.ला सगळं सांगून गेला. सकाळी चहाची कपबशी हातात द्यायच्या आधीच हुकूम : "आधी डागदर, मग हाफिस." बरोबर आली. माझ्यावर विश्वास नाही.
डॉ. बिराजदारांनी दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा दाबदाबून हवा भरली. काचेच्या नळीत पारा चढायला लागला. ते पाऱ्याकडं बघत होते, मी त्यांच्या तोंडाकडं. म्हणाले, "बाबू, दाब लई चढलाय की." मग प्रश्नांची सरबत्ती. जिना चढताना दुखतं का? डाव्या हातात कळ येते का? घाम? जेवणानंतर जास्त? सगळ्याला हो म्हणावं लागलं.
शेवटी विचारलं, वडील कशानं गेले?
म्हटलं, वायूनं. बेंदराची पुरणपोळी जेवून उठले, छातीत वायू धरला म्हणाले, मला डावा हात चोळायला लावला. सदरा घामानं भिजला आणि तासाभरात आटोपलं.
डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "तो वायू नव्हता."
दादा गेले तेव्हा पन्नाशीचे होते. मला सत्तेचाळिसावं चालू आहे. हात चोळायच्या ऐवजी डॉक्टरला आणायला पळायला हवं होतं. पण तेव्हा कुणाला माहीत होतं? आज दिवसभर दादा डोळ्यांपुढून हलले नाहीत.

५ डिसें., गुरु.
पथ्य : तूप-लोणी बंद. तंबाखू बंद. गोड बंद. भाकरी एका वेळी एकच, भाताची एकच मूद, मीठ बेतानं. रात्रीचं जेवण अगदी हलकं. रोज संध्याकाळी चालायला जाणे. आठवड्यातून दोन दिवस उपास. शेंगाची चटणी? चिमूटभर. चिमूट कुणाची ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, मी माझी धरली.
डॉ. म्हणाले, मालगाडीला दोन डबे जास्त लावले तरी इंजिन ओढतं, पण किती दिवस ओढणार? रेल्वेच्या माणसाला रेल्वेच्या भाषेत सांगितलं की कळतं.
दुपारी पार्सलच्या काट्यावर उभा राहिलो. लाडलेसाबनं वजनं चढवली. अडीच मण आणि वर काही शेर. इतका माल मी आजवर कुणाचाही एका नगात घेतलेला नाही. तो विचारतो, "लेबल क्या लगाऊं? काचसामान?"
सौ.नं पथ्याबद्दल काहीच कटकट केली नाही. एवढंच विचारलं, "काळीज बरं हुईल न्हवं?" होईल म्हटलं. "कवा?" म्हटलं, बघू. संध्याकाळी सिद्धेश्वराला गेली, दिवेलागण उलटून गेल्यावर आली.

७ डिसें., शनि.
काल मोक्षदा एकादशी आणि आज शनिवार. दोन उपास एकापाठोपाठ उरकले. मन कसं प्रसन्न आहे. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वरीचा भात, गुळातली रताळी. उपास इतका सोपा असतो हे माहीत असतं तर तरुणपणीच धरला असता.

९ डिसें., सोम.
उपास. खिचडी दोनदा. सौ. म्हणाली, "तूप न्हाई घातलं हं, शेंगदान्याचं कूट जरा जास्त घातलं." तिचाही सोमवार असतोच.
चालायला गेलो. तळ्यापर्यंत जाऊन आलो. परत येताना एका बाकावर जरा जास्तच वेळ बसलो, पण चाललो.

१३ डिसें., शुक्र.
एक भाकरी म्हणजे काय हे ज्यानं ठरवलं त्याला एकदा भेटायचं आहे. सौ.नं भाकरी थापताना हात सैल सोडला, भाकरी ताटाबाहेर येते. एकच आहे, नियम मोडलेला नाही. हुशार बाई.
पूर्वी तिच्यासाठी ताटात थोडं ठेवून उठायचो, तशी रीतच आहे. मी उठलो की ती त्याच ताटात जेवायला बसते. आता ताट असं चाटूनपुसून लख्ख होतं की घासायचीही गरज नाही.

१६ डिसें., सोम.
काटा! पहिल्यापेक्षा दोन शेर जास्त. लाडलेसाबनं वजनं काढून पुन्हा घातली. म्हणाला, "बाबूसाब, उपास बराबर नई बैठा."
डॉक्टरांकडं गेलो. काय खातो ते विचारलं. उपासाचं सगळं साग्रसंगीत सांगितलं. ते आधी हसले, मग चिडले, मग पुन्हा हसले. "मी उपास म्हणालो, तुम्ही फराळ केलात. साबुदाणा, दाणे, रताळी, गूळ! अहो, एवढ्यावर तालमीतला पैलवान पोसता येतो की." आता उपास म्हणजे ताक आणि एखादा पेरू. बस्स.
आमच्याकडं उपास म्हणजे हेच, पिढ्यान्‌पिढ्या. देवानं कधी तक्रार केली नव्हती.

१९ डिसें., गुरु.
खरा उपास. ताक, पेरू. दुपारी पार्सलात बार्शीहून आलेल्या पेढ्याच्या करंड्या. वास. नुसता वास. पावती लिहिताना 'पेढे' हा शब्द दोनदा लिहिला.

२७ डिसें., शुक्र.
वजन खाली! थोडंच, पण खाली. पुलावर आज थांबलो नाही. लाडलेसाबनं वर जाऊन मला सलाम ठोकला. फार बरं वाटलं, पोरासारखं.
या आनंदात फलाटावरच्या भज्यांच्या गाड्याकडं पाय वळले. गरम घाणा निघत होता. चारच भजी. मिरची वेगळी.

२ जाने. १९३६, गुरु.
भजी. आणखी काही लिहीत नाही.

६ जाने., सोम.
ठरवून गाड्याच्या उलट्या बाजूनं गेलो. गाडेवाल्यानं लांबून हाक मारली, "बाबू, आज रागावले व्हय?" माणसाला दुखवू नये. दोनच घेतली.
सौ. रात्री पानाचं तबक ओट्यावर आणून देते आणि आत जाते. भांड्यांचा आवाज येत राहतो. बाई फार कमी वेळात जेवते. मी आपला ओट्यावर पान लावत, चांदणं बघत सुखात असतो. (पानात तंबाखू नाही. शपथ.)

१४ जाने., मंगळ.
संक्रांत. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. दोघं मिळून हिंडलो. पाळणे, मौत का कुआँ, पितळेची भांडी, आणि खाण्याच्या दुकानांची अशी रांग की डॉक्टरांना तिथं उभं करायला हवं. मी तिळगुळाचा एकच दाणा जिभेवर ठेवून अख्खी जत्रा पार केली.
कासाराकडं सौ.नं बांगड्या भरल्या. नेहमीचं माप हातातून सरळ घसरून खाली. कासार म्हणाला, "बाई, हात लई उतरला तुमचा." लहान माप काढलं. सौ. लगबगीनं म्हणाली, थंडीनं आकसला असेल. मीही म्हटलं, यंदा थंडी आहेच. हिरव्या बांगड्या छान दिसतात.

२० जाने., सोम.
पारा उतरलाय, म्हणावा तेवढा नाही, असं डॉक्टर म्हणाले. "बाबू, पथ्य पूर्ण पाळताय ना?" म्हटलं, हो. त्यांनी माझ्या तोंडाकडं जरा जास्त वेळ बघितलं.

२६ जाने., रवि.
मोडनिंबला, सौ.च्या माहेरी, हुरड्याला. कुर्डुवाडीला गाडी बदलून दुपारी पोचलो. पास आहे म्हणून, नाहीतर एवढं कोण जातं. हे मी दर वर्षी म्हणतो आणि दर वर्षी जातो.
मेहुण्यानं शेतात आगटी पेटवली होती. कोवळी कणसं भाजून तळहातावर चोळायची, फुंकून भूस उडवायचं. कोवळा, गोड, वाफाळता हुरडा. ऊन उतरलेलं. डॉक्टरांनी हुरड्याचं नाव घेतलेलं नाही, पण मी आपण होऊन दोन ओंजळींवर थांबलो. स्वतःचं फार कौतुक वाटलं.
सौ. सगळ्यांना चोळून देत होती. स्वतः दाणा तोंडात टाकला नाही. मी म्हटलं, अगं घे की. "नगं, दुपारी लई जेवले." तिची भावजय भागाबाई ताड्‌कन म्हणाली, "दुपारी कुटं लई जेवला वन्सं? आन् रात्री तर जेवतच न्हाई तुमी." सौ.नं डोळे वटारले. भागाबाई थांबते कसली. "दाजी, तुमाला म्हाईत न्हाई व्हय? डिसेंबरापास्नं एकभुक्त धरलंय त्यांनी, आज मी इचारून इचारून काढून घेतलं. दुपारचं एक ताट, रात्री पानी. तुमचं काळीज बरं हुईस्तवर."
सौ. उठून विहिरीकडं गेली. मागे गेलो. तिला माझा नाही, भागाबाईचा राग आला होता. "व्रत सांगायचं नसतंय. सांगितलं की फळ जातं." डोळे पुशीत तेच ते म्हणत राहिली.
तिचं मनगट हातात घेतलं. नव्या बांगड्यासुद्धा सैल झाल्या होत्या.

२७ जाने., सोम.
परतीच्या गाडीत झोप आली नाही. सगळं नीट लिहून टाकतो.
मी रात्री हात धुऊन ओट्यावर पान लावायला जायचो आणि आत ती भांडी वाजवायची. जेवते असं वाटावं म्हणून. आणि ज्या दिवशी मी फलाटावर भजी खाल्ली त्या प्रत्येक दिवशी ही रात्री पाणी पिऊन झोपली. माझं काळीज बरं व्हावं म्हणून. लाज वाटली. अशी लाज मला कधी वाटली नव्हती.
आणखी एक. लग्नाला बावीस वर्षं झाली. मी माझ्या बायकोला जेवताना कधी बघितलेलं नाही. किती भाकरी खाते, कशाबरोबर खाते, काहीच माहीत नाही. परक्याच्या करंडीचं वजन मी नजरेनं सांगतो.

२९ जाने., बुध.
व्रत सोड म्हणून सांगून पाहिलं. रागावून पाहिलं. हात जोडून पाहिलं. "धरलेलं सोडत न्हाईत." एवढं एकच उत्तर. सकाळी नळावरून घागर आणताना दाराशी खाली बसली. घेरी आली म्हणते. मी घागर घ्यायला गेलो तर शेजारणी बघतील म्हणून तीच उचलायला लागली. मी घागर घेतली. शेजारणींनी बघितलं. बघू दे.

३० जाने., गुरु.
एकटाच डॉक्टरांकडं गेलो. म्हटलं, तिला सांगा की माझं काळीज ठणठणीत झालं. डॉक्टर म्हणाले, "खोटं सांगायला माझी हरकत नाही. पण ती जेवायला लागली की तुम्ही भज्यांच्या गाड्याकडं पळाल, मग?" भज्यांचं ह्यांना कुणी सांगितलं? लाडलेसाबच असणार.
गाड्यावर गेलो नाही. हाक आली, हात हलवला आणि पुढं गेलो. वास मागे मागे येत राहिला.

३ फेब्रु., सोम.
सौ.ला दाखवायला नेलं. अशक्तपणा, रक्त कमी. डॉक्टरांनी पोटभर जेवायला सांगितलं. ती मान हलवून ऐकत होती. त्यांचं बोलून झाल्यावर पदर सावरून विचारलं, "ह्यांचं काळीज पुरतं बरं कवा हुईल, येवढं खरं खरं सांगा."
डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी मानेनं खूण केली, खोटं सांगा. ते खरं बोलले. "बाई, हे तापासारखं नाही, उतरला आणि संपला. पथ्य पाळलं तर बाबू म्हातारे होतील. पण पथ्य जन्मभर. पुरतं बरं असं ह्यात नसतंय."
घरी येताना माझ्या मागे चालते नेहमी, आज पुढं चालली. भरभर.
म्हणजे जन्मभर एकभुक्त. मला धडकीच भरली.

४ फेब्रु., मंगळ.
मी तिच्यासमोर दुपारी जेवायला बसलो, घास उतरेना. पथ्य सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच ताटात अर्धी भाकरी राहिली. तिनं विचारलं, "दुकतंय व्हय?" दुखत नव्हतं. दुखतच होतं म्हणा.

९ फेब्रु., रवि.
आज बोललो. दुपारची वेळ होती, ती तांदूळ निवडत होती.
म्हटलं, व्रत मोडू नकोस. मला दे. रात्रीचं जेवण मी सोडतो. डॉक्टरांना विचारून आलोय, रात्री ताक आणि एखादं फळ घेतलं तर मला बरंच आहे म्हणाले. एकभुक्त तेच, देवाला बोललेलं तेच. फक्त पोट माझं. तू रात्री जेवायचं, आणि माझ्यासमोर जेवायचं. भांडी वाजवायची नाहीत.
"बाईनं धरलेलं बाप्यानं कसं चालवायचं?"
"काळीज कुणाचं आहे?"
सुपातले खडे वेचत राहिली. मग मी भज्यांचं सगळं सांगून टाकलं.
मान वर न करता म्हणाली, "म्हाईत हाय. सदऱ्याला वास येतोय की."
पहिल्या दिवसापासून माहीत होतं! आणि तरी उपाशी राहिली. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? "बोलून तुमी ऐकलं असतं व्हय? म्हनून देवाला बोलले."
दिवा लावताना म्हणाली, "मधीच मोडलंत तर?"
"तर तू परत धर."
तिनं माझ्याकडं नीट बघून घेतलं. गाई विकत घेताना बघतात तसं. "शनवारपास्नं धरा मग. पन मी इचारनार न्हाई. वासावरनं कळंलच."

१५ फेब्रु., शनि.
आज पहिली रात्र. दुपारी बरोबर एक भाकरी, ताटात मावणारी. संध्याकाळी तळ्याला फेरी मारून आलो. पोटात कावळे. ओट्यावर गेलो नाही, ताकाचा पेला घेऊन स्वयंपाकघरातच पाटावर बसलो.
सौ.नं ताट वाढून घेतलं आणि माझ्याकडं पाठ करून बसली. "तुमी जावा की भायेर. बघत बसला की घास उतरत न्हाई." म्हटलं, नाही बघत. भिंतीकडं बघतो. भिंतीकडं बघत ताक प्यालो. बराच वेळ तिचा हातच हलेना.
मग केव्हातरी तीच जराशी वळली.
भाकरीचा वरचा पापुद्रा अलगद सोडवला, त्यात शेंगाची चटणी भरली, तो आधी खाल्ला. मग फडताळामागून एक कांदा काढला. माझ्याकडं चोरून बघितलं आणि बुक्कीनं फोडला. कच्चा कांदा आमच्या घरात कधी येत नाही, मला त्याचा वास सोसत नाही म्हणून. इतकी वर्षं माझ्यामागे लपवून आणायची आणि माझ्यामागे खायची. एवढ्या आवडीनं कुणी कांदा खाताना मी बघितलेलं नाही. कराकरा आवाज येत होता. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, कांद्याचंही असेल.
मंगळवारी डॉक्टरांकडं जायचंय. पारा कुठं जातो ते जाईल. फलाटावरच्या गाड्यावरून उद्या जायचंय, परवा जायचंय, रोजच जायचंय. माझा मलाच भरवसा नाही, पण आता ती पाटावर बसलेली दिसते.
भाकरी संपली. दुरडीत आणखी एक होती. तिनं हात पुढं केला, थांबली, माझ्याकडं बघितलं.
म्हटलं, घे.